दुसरी किल्ली

विद्यापीठातून आलेल्या यादीत
तेरा वस्तू होत्या.
चादरी दोन, उशीचा अभ्रा, टेबलावरचा दिवा,
आणि सातव्या क्रमांकावर कुलूप, किल्ल्यांसह.

बाबांनी यादी तीनदा वाचली, ओळीवर बोट फिरवत.
आमच्या बेटावर कुलूप नाही.
चर्चला आहे एक, ते गंजून उघडंच राहिलंय,
आणि होड्या दोरीनं बांधलेल्या, कुणीही सोडाव्या अशा.
कुलूप कशाला? आई म्हणाली,
तिथं चोर शिकतात की पोरं?
विणायची टोपली काही थांबवली नाही तिनं,
गवताची एक पात दातांत धरलेली,
म्हणून प्रश्न जरा बोबडा आला.

शुक्रवारच्या लाँचनं आचाओला गेलो.
चार टोपल्या विकल्या,
पाचवी दुकानदारानं घासाघीस करून घेतली,
त्या पैशांत एक पितळी कुलूप आलं
माझ्या मुठीएवढं, दोन किल्ल्या तारेत ओवलेल्या.

यानीरा वाल्दिवियाला जाणार.
मार्च लागायला नऊ दिवस.
मार्च म्हणजे बटाटे काढायचे दिवस,
आणि यंदा दोन हात कमी.

रात्री जेवणं झाली की ती मला शिकवायला बसे.
तिचं ॲडमिशन जीवशास्त्राला, माझं घराला.
जुन्या वहीत मी उतरवून घेतलं:
चुलीचा धूर उलटा घरात शिरला की वारा उत्तरेचा,
कपडे आत घ्यायचे.
तांबडी कोंबडी अंडं घालते उपड्या होडीखाली, खुराड्यात नाही.
जांभळे बटाटे आणि वाकडे बटाटे एका पोत्यात नकोत.
बाबांना कागद वाचून दाखवताना सावकाश वाचावं,
पण सावकाश वाचतोय असं त्यांना वाटू देऊ नये.

मग तोंडी परीक्षा.
आज ओहोटी किती वाजता? पिठाचा डबा कुठल्या फळीवर?
कुठली गाठ ओली झाली की सुटत नाही?
मी फटाफट सांगत गेलो.
आणि आई चुलीपुढं बसून बोलेनाशी होते
तेव्हा काय करायचं?
मी पेन्सिल उचलून थांबलो.
ती विस्तवाकडे बघत राहिली,
बघत राहिली, आणि म्हणाली, हा सोड.
त्या प्रश्नापुढं वहीत अजून जागा कोरी आहे.

एकदा मध्यरात्री जाग आली.
खट्. खट्.
अंधारात ती कुलूप लावत होती, उघडत होती,
पेटीला नाही, दाराला नाही,
नुसतं हातातल्या हातात.
येतंय का? मी विचारलं.
म्हणाली, लावायला येतंय.

जायच्या दिवशी यादीत नसलेलंच जास्त झालं.
शेजारच्या बाल्दोमेरोनं धुरावलेल्या शिंपल्यांची माळ दिली,
बसभर वास सुटेल अशी.
चार जोड मोजे, कच्च्या लोकरीचे, टोचणारे.
आणि अर्धं पोतं बटाटे.
माती झटकू नकोस, बाबा म्हणाले, मातीत टिकतात.
लाँचवर ती बटाट्यांवरच बसली, दुसरी जागा नव्हती.
हात हलवला तिनं, पण लाँच वळताना,
आमच्याकडे नाही, चुकून घाटाच्या पलीकडे.

एक किल्ली तिच्या गळ्यात गेली.
दुसरी इथं राहू दे, बाबा म्हणाले, हरवली तर असावी.
हरवली तर दोन होड्या, एक फेरी, दोन बस ओलांडून
ती तिथं नेणार कोण, हे कुणी विचारलं नाही.
चुलीमागच्या खिळ्याला आहे ती.
आमच्या घरात तिनं उघडेल असं काही नाही.
तरी आई भिंत पुसते तेव्हा
किल्ली काढून पुसते, परत लावते.

मंगळवारी तांबडीनं आठवड्यानं अंडं दिलं.
होडीखाली नाही, यानीराच्या जुन्या बुटात.
वहीतलं खोडून मी नीट लिहिलंय.
सुट्टीत आली की दाखवायचंय.